आधी कोण आलं?

गंगाखेड तालुक्याचे दोन भाग नकाशा न पाहताही ओळखू येतात. उत्तरेला गोदाकाठ आणि काळीभोर जमीन, दक्षिणेला राणीसावरगावच्या अंगाने बालाघाटाचा मुरमाड डोंगरपट्टा. या पट्ट्यात बंजाऱ्यांचे तांडे आहेत. घरात गोरमाटी, शाळेत मराठी. आडनावं राठोड, चव्हाण, पवार, जाधव. ही माणसं मुळात कुठली, हा प्रश्न मराठवाड्यात सध्या फार तापला आहे. माझ्या मते हक्क ठरवण्यासाठी हा प्रश्न विचारणंच घातक आहे.

बंजाऱ्यांच्या परंपरेत मूळ मारवाडकडे सांगितलं जातं. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरणं, म्हणजे लदेणी, हा त्यांचा धंदा. मोगलांच्या फौजा दख्खनेत उतरल्या तेव्हा त्यांना दाणागोटा पुरवण्याचं काम याच तांड्यांनी केलं. पुढे रेल्वे आली आणि बैलाच्या पाठीची किंमत संपली. १८७१च्या इंग्रजी कायद्याने भटक्यांपैकी अनेक जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, शिक्का मात्र पोलीस ठाण्यात बरीच वर्षं टिकला. धंदा बुडाल्यावर चराई आणि पाणी जिथे मिळालं, तिथे तांडे थांबले. तेव्हा हा सगळा मुलूख निजामाच्या एकाच संस्थानात होता.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे तीन भाग झाले आणि तांडेही तीन राज्यांत विभागले गेले. आज तेलंगणातला लंबाडा अनुसूचित जमातीत आहे, १९७६च्या दुरुस्तीपासून. कर्नाटकातला लंबाणी अनुसूचित जातीत. महाराष्ट्रातला बंजारा विमुक्त जातीत. भाषा एक, सेवालाल महाराज एक, सोयरिकाही होतात. तेलंगणातून इकडे सून आली, तर माहेरचा जमातीचा दाखला तिला इथे कामाचा राहत नाही. माणूस तोच राहतो. सरकारी रकाना बदलतो.

सप्टेंबर २०२५मध्ये निजामकाळातल्या हैदराबाद गॅझेटच्या नोंदींवरून मराठ्यांना कुणबी दाखले देण्याचा शासन निर्णय निघाला. मग बंजारा समाजाचे मोर्चे निघाले: त्याच गॅझेटात आमची नोंद जमात म्हणून आहे, आम्हालाही अनुसूचित जमातीत घ्या. जुन्या दप्तरावर एकाचा हक्क ठरत असेल तर दुसऱ्यानेही दप्तर काढावं, यात गैर काय? आदिवासी संघटनांनी विरोध केला, तोही पोकळ नाही. राज्यात जमातींना ७ टक्के आरक्षण आहे; वाटेकरी वाढले की आंध, गोंड, कोलाम यांच्या पोरांचा घास आधी जाणार.

अडचण पुढे आहे. जमात ओळखायचे निकष १९६५च्या लोकूर समितीचे: आदिम लक्षणं, वेगळी संस्कृती, भौगोलिक एकाकीपण, इतरांशी मिसळण्याचा संकोच, मागासलेपण. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बाजारपेठा पालथ्या घातल्या, त्यांनी आता आपण लोकांत मिसळायला बुजतो असं सिद्ध करायचं! वसंतराव नाईकांसारखा, अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री राहिलेला माणूस ज्या समाजाने दिला, त्याने आदिमपणाचा पुरावा शोधायचा. व्यवस्था जो पुरावा मागते, तोच माणूस घेऊन येतो. दोष मोर्चेकऱ्याला देऊन काय होणार?

मुळांचा वाद टोकाला गेला की काय होतं, हे पाहायचं तर काकेशस पर्वतातला नागोर्नो-काराबाख पाहावा. सोव्हिएत काळातला हा स्वायत्त प्रदेश आपल्या परभणी जिल्ह्यापेक्षा लहान, सुमारे ४,४०० चौरस किलोमीटर. वस्ती बहुतांश आर्मेनियन, पण १९२१च्या निर्णयाने तो अझरबैजानात राहिला. १९८८पासून वाद पेटला. आर्मेनियन लोक तेराव्या शतकातल्या गांझासार मठाकडे बोट दाखवत. अझरबैजानी विद्वान म्हणत, हे मठ तुमचे नव्हेत, जुन्या काकेशियन अल्बानियाचे. तुम्ही बरेचसे एकोणिसाव्या शतकात इराणातून आलात. दोन्हीकडे इतिहासकार होते, दोन्हीकडे शिलालेख होते. पहिल्या युद्धात काराबाख आणि भोवतालच्या जिल्ह्यांतून लाखो अझरबैजानींना घरं सोडावी लागली. २०२०च्या युद्धात पारडं फिरलं. सप्टेंबर २०२३मध्ये अझरबैजानने हल्ला केला आणि काही दिवसांत एक लाखाहून अधिक आर्मेनियन डोंगर उतरून निघून गेले. मठ अजून आहे. तो कोणाचा, हा वाद घालायला तिथे आता जवळपास कोणी आर्मेनियन उरलेला नाही.

आपल्याकडे तसं होईल असं मी म्हणत नाही. इथला वाद दाखल्याचा आहे, बंदुकीचा नाही, आणि हा फरक फार मोठा आहे. पण तर्काची चाल तीच: जो आधी आला त्याचा हक्क, आणि नंतर आलेल्याने आपण आधीच होतो असं दाखवायचं. खुद्द गंगाखेडची जगभर ओळख असलेली जनाबाई लहानपणीच पंढरपूरला नामदेवांच्या घरी गेली, तिचं आयुष्य तिकडे गेलं. आम्ही तिला गंगाखेडची म्हणतो, पंढरपूर आपली म्हणतं, आणि दोघांचंही खरं आहे. संतांना ही सवलत मिळते, तांड्यावरून ऊसतोडीला जाणाऱ्याला नाही.

डोंगरपट्ट्याचं आजचं दुखणं गॅझेटात सापडणार नाही. ते मुकादमाच्या वहीत आहे. पावसाळ्यात उचल घ्यायची, दसरा-दिवाळी झाली की बिऱ्हाड ट्रॅक्टरवर चढवायचं. नवरा-बायको मिळून एक कोयता. पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडाशेजारी कोपी उभारायची, पहाटे थंडीत मोळ्या बांधायच्या, आणि उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामाला पुन्हा त्याच मुकादमाकडे जायचं. पोरं हंगामी वसतिगृहात, नाहीतर आजीपाशी, नाहीतर सरळ फडात. या टोळीत बंजारा असतो, वंजारी असतो, मराठा असतो, दलित असतो. मूळ कुठलंही असो, वहीत सगळ्यांच्या नावापुढे बाकी सारख्याच पद्धतीने चढते. दाखला याच्या आधारावर का मिळू नये? वर्षातले किती महिने घराला कुलूप, किती पिढ्या उचलीत, मुलगी कितवीत शाळेतून सुटली, हे मोजता येतं. त्याला चारशे वर्षांपूर्वीचा मारवाड लागत नाही.

मोजायची संधी येतेही आहे. स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदाच सगळ्या जाती नोंदवणारी जनगणना होणार आहे आणि तिची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरली आहे. माणसांची मोजणी त्याआधीच्या फेब्रुवारीत. तेव्हा तोडणी चालू असते. प्रगणक तांड्यावर पोचेल तेव्हा बऱ्याच घरांना कुलूप असेल आणि त्या घरांतली माणसं बेळगावकडच्या एखाद्या फडात, दुसऱ्या राज्याच्या यादीत नोंदली जातील. त्या राज्यात त्यांच्या जातीचा रकानाही वेगळा आहे. हे टाळायचं तर तहसीलने आणि कारखान्यांनी आतापासून टोळ्यांच्या याद्या जुळवायला हव्यात.