सही कोणाची?

फोंड्याच्या कदंब स्टँडवर मडगावची बस कुठली, हे पाटी न वाचताही कळणारा, पण सुटे पैसे मोजताना गोंधळणारा मुलगा. त्याला अठरा पूर्ण झाली की कायद्याच्या लेखी आईची सही त्याच्या कामाची उरत नाही. बँकेत पहिला प्रश्न येतो: पालकत्वाचा दाखला कुठे?

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक किंवा बहुविध अपंगत्व असलेल्यांसाठी हा दाखला 1999च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक स्तर समिती देते. वकील लागत नाही. लागतो तो चिकाटीने कागद जुळवणारा माणूस. फोंडा तालुका 2015पासून दक्षिण गोव्यात, म्हणजे बोरीचा पूल ओलांडून मडगाव गाठायचं. मिरामारच्या साळगावकर कायदा महाविद्यालयाचे विद्यार्थी गावोगावी कायदा मदत केंद्रं चालवत आले आहेत. हे काम त्यांच्या हातात शोभेल.

पण अर्ज लिहायला घेण्याआधी त्यांनी एक चौकशी करावी. दाखल्याची आठवण घरात आताच का झाली?

गोव्यात हा प्रश्न जरा टोकदार आहे. पोर्तुगीज काळापासूनच्या वारसा कायद्यात निम्मी मालमत्ता मुलाबाळांसाठी राखीव असते. त्यामुळे अपंग मुलाचा वाटा सहजासहजी पुसता येत नाही, आणि घर विकायचं तर त्याचीही सही लागते. वीस वर्षं ज्याला कुणी काही विचारलं नाही, त्याच्या पालकत्वाची घाई मग भावाला होते. सगळेच भाऊ तसे नसतात, हे खरंच. तरीही अर्जदाराचं भलं आणि ज्याच्यासाठी अर्ज आहे त्याचं भलं एकच, असं धरून चालणारा विद्यार्थी चांगला कारकून होईल, वकील नव्हे.

2016चा दिव्यांग हक्क कायदा मर्यादित पालकत्व सांगतो: निर्णय दोघांनी मिळून, परस्परविश्वासाने. म्हणजे मुलाशी बोलायला हवं. सगळे प्रश्न आईला विचारून होतात आणि तो शेजारी बसून पंख्याकडे बघत असतो. कुणाकडे राहायला आवडेल, एवढं त्याला सांगता येतं. त्यासाठी चार वेळा घरी जावं लागतं, इतकंच.

आणि दाखला हातात आला की काम संपत नाही. पालकाने सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यायची असते, पुढे दरवर्षी आर्थिक वर्ष संपल्यावर तीन महिन्यांत हिशेब. म्हणजे जूनअखेर. तोवर अर्ज लिहिणारी मुलगी पदवी घेऊन कुणा वकिलाच्या ऑफिसात लागलेली असते, आणि तिच्या जागी आलेल्या मुलांना फाइल कुठल्या कपाटात आहे तेही माहीत नसतं.