केस पिकतात तेव्हा



आमच्या मंद्रूपात हल्ली कटिंगच्या दुकानात केस काळे करून घ्यायला म्हाताऱ्यांपेक्षा पंचविशी-तिशीतली पोरेच जास्त बसलेली दिसतात. त्यांतलाच एक तरुण कीर्तनकार. गळा गोड, पाठांतर चांगले, पण तिशीतच कानशिले पांढरी झालेली. सप्ताहाच्या वेळी त्याने मला बाजूला घेऊन विचारले, "बाबा, केस रंगवून नारदाच्या गादीवर उभे राहणे म्हणजे खोटेपणा नाही का?" प्रश्न लहान नाही. ज्या गादीवरून आपण लोकांना देहाची आसक्ती सोडायला सांगतो, तिथे उभे राहताना स्वतःच्या डोक्यावर रंग चढवायचा का? तुम्हालाही हा प्रश्न कधीतरी आरशात पडला असेल.

आधी केसाचे म्हणणे ऐकू. केस काळ्याचा पांढरा 'होत' नाही, तो पांढरा उगवतो. त्वचेच्या आत केसाच्या मुळाशी रंगपेशी असतात, त्या मेलॅनिन नावाचे रंगद्रव्य केसात भरतात. एक केस काही वर्षे वाढतो, गळतो, त्याच जागी दुसरा येतो, आणि प्रत्येक खेपेला नव्या रंगपेशी लागतात. त्यांचा साठा संपत आला की केस बिनरंगाचा येतो आणि आपल्याला पांढरा दिसतो. साठा कधी संपायचा हे बरेचसे आईबापांकडून आलेले असते. आजोबा तिशीत पिकले असतील तर नातवाने तेलाला दोष देऊ नये. आपल्याकडे पंचविशीच्या आत केस पिकू लागले तर ते अकाली म्हणतात.

सुश्रुतांनी पलिताचे, म्हणजे केस पिकण्याचे, कारण सांगताना क्रोध, शोक आणि श्रम यांची नावे घेतली आहेत. त्यांनी देहात उष्णता वाढते, ती डोक्यात चढते आणि पित्त केसांना पिकवते, असे ते म्हणतात. २०२० साली अमेरिकेत हार्वर्डच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवले की तीव्र ताणाने मज्जातंतूंतून जो स्राव सुटतो, त्याने रंगपेशींचा साठा झपाट्याने संपतो. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या लोकांनी मोजक्या माणसांचे केस बारकाईने तपासले. त्यांत सुट्टीवर गेलेल्या एका माणसाचे पाच केस पुन्हा काळे झाल्याचे आढळले. पाच! हे वाचून 'आमच्या ऋषींना सगळे ठाऊक होते' म्हणून टाळी घेऊ नये. सुश्रुतांचे पित्त आणि त्यांचा मज्जातंतू ही एकच वस्तू नव्हे. पण राग आणि शोक डोक्यावर दिसतात, एवढे दोघेही आपापल्या परीने सांगतात. आणि वारीत चाललो म्हणून केस काळे होतील असे कोणी सांगू लागला, तर त्याच्या पाच केसांची आठवण ठेवा.

माळकऱ्यांसाठी एक गोष्ट जरा थांबून सांगतो, कारण ती आपल्याच पानातली आहे. बी-१२ नावाचे जीवनसत्त्व धान्य-भाजीत जवळजवळ नसतेच. आपण माळकरी, त्यामुळे दूध, दही, ताक एवढाच आपला आधार. घरची म्हैस गेली, चहापुरते पिशवीचे दूध उरले, की नुसत्या कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर ते कमी पडते. हातापायांना मुंग्या, थकवा, विसराळूपणा आणि काहींच्या बाबतीत अकाली पिकलेले केस ही त्याची लक्षणे. रक्त तपासून घ्यावे, कमी असेल तर डॉक्टर सांगतील त्या गोळ्या-इंजेक्शने घ्यावीत. त्या कारणाने पिकलेले केस कधीकधी पुन्हा काळे येतातही. थायरॉइडचेही तसेच. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचे केस लवकर पिकतात असे पुष्कळदा आढळले आहे, पण ती तर माळ घातली त्याच दिवशी सुटली असणार, असे मी धरून चालतो.

पाटाच्या कडेला उगवणारा माका, आवळा, जास्वंद, ब्राह्मी यांची तेले आमच्या आया-आज्या करीत आल्या. जरूर लावा. डोके थंड राहते, कोंडा-कोरडेपणा कमी होतो, आणि लावणारा हात मायेचा असेल तर झोपही लागते. पण बाहेर आलेला केस निर्जीव असतो, तेल पाजून त्यात रंग भरत नाही. आवळा खावा, कार्तिकात आवळीखाली जेवावे, तरी सत्तरीचे डोके काळे होण्याची वाट पाहू नये. एक पांढरा उपटला तर दहा येतात, हेही खरे नाही. फक्त ती जागा दुखावते.

आता मूळ प्रश्न. आपल्या भाषेत केस 'पिकतात'. फळ पिकते तसे. 'माझे केस काही उन्हाने पांढरे झाले नाहीत' असे म्हणताना आपण आत काहीतरी पिकल्याचा दावा करतो. तो दावा खरा असतोच असे नाही. आपल्या संप्रदायात मडकी तपासली ती गोरोबाकाकांनी, वयाने वडील म्हणून. पण चौदाशे वर्षांच्या म्हणवणाऱ्या चांगदेवांनी गुरू केले ते मुक्ताईला, जिच्या डोक्यावर एकही पांढरा केस नव्हता. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात माउलींनी म्हातारपण कसे येते ते इतके तपशिलाने सांगितले आहे की म्हाताऱ्यानेही दचकावे. ग्रंथ १२९० सालचा, आणि सांगणारा एकविसाव्या वर्षी आळंदीला समाधिस्थ झाला. म्हणजे पांढरा केस हा पिकल्याचा पुरावा नाही, काळा केस कच्चेपणाचाही नाही. मग रंग चढवल्याने नेमके काय लपते?

दशरथाची कथा आठवा. कालिदासाने रघुवंशात म्हटले आहे की जरा पांढऱ्या केसाच्या रूपाने त्याच्या कानाजवळ आली आणि राज्य रामाला दे म्हणाली. तुलसीदासांच्या रामायणातही राजा आरशात कानाजवळचा केस पाहतो. राजाने लगेच ऐकले. सिंहासन सोडायला तयार झाला. पण राम सोडता येईना, त्यातच प्राण गेला. केसाने मागितले ते सोपे होते, पुढे मागितले गेले ते अवघड. दुसरीकडे ययाती. त्याने धाकट्या मुलाचे, पुरूचे, तारुण्य मागून घेतले, डोके काळे करून हजार वर्षे भोगली आणि तरी तृप्ती नाही. मला यात ययातीचा काळा केस खुपत नाही. तो कोणाच्या वाट्याचा होता, हे खुपते.

म्हणून त्या तरुणाला मी म्हणालो, रंगव खुशाल. त्याला लग्नाला मुलगी मिळेना, 'वय लपवतात' असे पाहुणे म्हणत. त्याचे वय तर तीसच होते, पांढरे केसच त्याच्याविषयी खोटे बोलत होते! पाहुण्यांना मात्र विचारले तर केस पिकल्याचे सरळ सांग, एवढी अट घातली. ज्याच्या जोरावर समोरचा निर्णय घेणार आहे, ते लपवले की असत्य. पांडुरंगालाही आपण गंध-बुक्का लावतो, पीतांबर नेसवतो, त्यात कोणी फसत नाही. आणि बाईच्या डोक्यावर तर बोलूच नये. तिचे केस आजवर तिचे होतेच कुठे? विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही, असे १८९० साली मुंबईच्या नाभिक मंडळींना ठरवावे लागले. सेना महाराजांच्या वंशाने वस्तरा खाली ठेवला, तेव्हा पोथी वाचणारे पुष्कळ जण गप्प होते.

कठीण वाटते ते आमच्या वयाच्या बुवांचे. सुपारी देणारे आता तरुण चेहरा मागतात, म्हणून कोणी पोटासाठी केस काळे करतो. त्याला हसू नये, घरी खाणारी तोंडे असतात. पण घरचे भागत असताना, दम टिकत नसताना, मागे दोन चांगली पोरे टाळ धरून उभी असताना, 'अजून मीच' म्हणून जो वीणा सोडत नाही, त्याने डोके पांढरेशुभ्र ठेवले तरी तो ययातीच. मी ६८ व्या वर्षी वीणा दुसऱ्याच्या गळ्यात घातली. त्या रात्री झोप लागली नाही, हे खरे आहे. अजूनही गावात कोणाचे कीर्तन रंगले की माझा हात आपोआप छातीशी, वीण्याच्या जागी जातो.

ज्यांना रंग लावायचाच आहे त्यांनी 'काळी मेंदी' या नावाला भुलू नये. मेंदीच्या पानाचा रंग तांबूस, फार तर नीळीच्या पानांची पूड मिसळून गडद करता येतो. पाकिटातली लगेच काळी करणारी बहुधा पीपीडी नावाच्या रसायनाची असते, आणि काहींचे त्याने डोळे-तोंड सुजते. कानामागे थेंबभर लावून दोन दिवस वाट पाहावी. आषाढीला निघायच्या आदल्या रात्री तर लावूच नये. वाटेत काही झाले तर दवाखाना पुढच्या मुक्कामालाच.