मोल आणि अभय

मार्च २०२३ मध्यें जुन्या निवृत्तिवेतनाच्या मागणीसाठीं राज्यांतील सरकारी व निमसरकारी कर्मचारी सात दिवस संपावर होते. त्या सुमारास जळगांवच्या एका डाळमिलींतील वृद्ध हमालानें मला विचारलें, "सर, म्हातारपण काय फक्त सरकारी माणसालाच येतं?" प्रश्न भाबडा दिसला, परंतु शासनाच्या तिजोरींतून वेतन घेणाऱ्या मला त्याचें उत्तर सुचलें नाहीं.

वेतनांतील तफावतीचें समर्थन करतां येतें. शिक्षण, परीक्षा, जबाबदारी यांचें मोल कमीअधिक असणारच. खाजगी नोकरींतील एखादा अभियंता सरकारी अभियंत्याहून अधिकहि मिळवितो. खरी तफावत आहे ती अभयाची. जुन्या योजनेंत अखेरच्या वेतनाचा निम्मा भाग व त्यावर महागाईभत्ता आमरण मिळतो. खाजगी कामगारांच्या भविष्यनिर्वाह निधीच्या योजनेंत २०१४ सालीं किमान निवृत्तिवेतन ठरलें तें महिना एक हजार रुपये, आणि त्यास महागाईची जोड नाहीं. धुळ्यांत यंत्रमागावर राबणाऱ्या ज्या कामगाराचें नांव हजेरीपटावरच नसतें, त्यास तेंहि नाहीं.

पात्रतेनें खुर्ची मिळते हें खरें. परंतु म्हातारपण पात्रता पाहून येत नाहीं. शिवाय हमाल साबणाची वडी घेतो तेव्हां तोहि कर भरतो. म्हणजे माझ्या निर्धास्तपणांत त्याचाहि वांटा आहे.

मग माझें अभयच काढून घ्यावें काय? तो प्रयोग होऊन गेला. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्यांत नव्यानें लागणाऱ्यांस जुनी योजना बंद झाली. आमच्या अध्यापक-कक्षांत एकाच विषयाचे दोन प्राध्यापक शेजारीं बसूं लागले. एकाचें वार्धक्य निश्चिंत, दुसऱ्याचें बाजाराच्या चढउतारावर टांगलेलें. त्यामुळें हमालाच्या मजुरींत एका पैचीहि भर पडली नाहीं. मत्सरानें कोणाचेंच पोट भरत नाहीं.

वाट याच राज्यानें दाखविली आहे. मालक बदलले तरी हमालाचा भविष्यनिर्वाह निधी मंडळाकडे साठत राहावा, अशी तरतूद १९६९ च्या माथाडी कायद्यानें केली. अभय श्रमाशींहि बांधतां येतें, हें तत्त्व तेव्हांच मान्य झालें. पण त्या वृद्धाचें नांव कोणत्याहि मंडळाच्या नोंदींत नव्हतें.

केवळ स्वतःसाठीं मागितलेलें अभय ही सवलत होय. तेंच दुसऱ्यासाठींहि मागितलें, तर त्यास हक्क म्हणतां येईल. पुढील संपाच्या वेळीं आमच्या मागणीपत्रांत त्या हमालाच्या नोंदणीचें एक कलम असावें. एरवीं त्याच्या प्रश्नापुढें मान खालीं घालण्यावांचून मला गत्यंतर नाहीं.