आधार सत्तेचा की साक्षीचा?

पाश्चात्त्य देशांत श्रद्धेचे काय झाले, हा प्रश्न आता आपल्यापासून दूरचा राहिलेला नाही. कळवा, ठाणे, डोंबिवली परिसरातील ख्रिस्ती कुटुंबांतील मुलेमुली उच्च शिक्षणासाठी, परिचारिकेच्या वा संगणकक्षेत्रातील नोकरीसाठी आयर्लंड, कॅनडा, ऑस्ट्रेलियाकडे जातात. निरोप देताना आई सामानात जपमाळ ठेवते आणि मनात एक धास्ती बाळगते. तिकडे गेल्यावर हे मूल रविवारची मिस्सा चुकविणार तर नाही ना? विवाह, कुटुंब, जीवनाचे पावित्र्य यांविषयी आपण दिलेली शिकवण टिकेल ना? ही धास्ती खोटी नव्हे. परंतु तिच्या मुळाशी बहुधा एक समज असतो: समाज आणि कायदा ख्रिस्ती असेल तर श्रद्धा तरते, तो निधर्मी झाला की बुडते. हा समज तपासून पाहणे अगत्याचे आहे.

त्यासाठी आयर्लंडचे उदाहरण बोलके आहे, आणि त्याचा एक धागा थेट आपल्या कोकणापर्यंत येतो. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्यात वराड नावाचे गाव आहे. तेथील मूळ असलेल्या कुटुंबातील डॉ. अशोक वराडकर मुंबईहून परदेशी गेले व आयर्लंडमध्ये स्थायिक झाले. ते हिंदू, तर पत्नी मिरियम आयरिश कॅथलिक. पुत्र लिओ यांचे संगोपन कॅथलिक श्रद्धेत झाले. हेच लिओ वराडकर २०१७ साली आयर्लंडचे पंतप्रधान झाले. ऑगस्ट २०१८ मध्ये जागतिक कुटुंब मेळाव्यासाठी पोप फ्रान्सिस डब्लिनला आले, तेव्हा त्यांच्यासमोर वराडकरांनी भाषण केले. शाळा व रुग्णालये उभारणाऱ्या ख्रिस्तसभेचे त्यांनी आभार मानले. धर्मसंस्थांत स्त्रिया व बालके यांच्यावर झालेल्या अन्यायाचाही स्पष्ट उच्चार केला. धर्माला आयरिश समाजात आजही महत्त्वाचे स्थान आहे, मात्र तो आता समाजाच्या केंद्रस्थानी नाही, असेही त्यांनी सांगितले.

या विधानामागे मोठे परिवर्तन होते. १९७९ साली पोप जॉन पॉल दुसरे यांच्या मिस्सेला डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये दहा लाखांहून अधिक लोक जमले होते. साऱ्या देशाची लोकसंख्या तेव्हा चौतीस लाखांच्या आसपास होती. घटस्फोटाला तेथील राज्यघटनेचीच मनाई होती; ती १९९५ च्या सार्वमताने अगदी थोड्या मतांनी उठली. २०१५ साली सुमारे ६२ टक्के मतदारांनी समलिंगी विवाहाला संमती दिली. २०१८ च्या मे महिन्यात सुमारे ६६ टक्क्यांनी गर्भपातावरील घटनात्मक बंदी रद्द केली. या दोन्ही वेळी वराडकर बदलाच्या बाजूने होते. २०२२ च्या जनगणनेत स्वतःला कॅथलिक म्हणविणारे ६९ टक्के उरले.

हे कशामुळे घडले? सुबत्ता, शिक्षण, दूरदर्शन ही कारणे नेहमी सांगितली जातात व ती खरीही आहेत. तथापि एक कारण त्यांहून अधिक टोचणारे आहे. धर्मसंघांनी चालविलेल्या बालसंस्थांत अनेक दशके मुलांचा छळ झाला, हे २००९ च्या चौकशी अहवालाने उघड केले. मॅग्डालेन धुलाईगृहांत कोंडलेल्या स्त्रियांची आयरिश शासनाने २०१३ साली क्षमा मागितली. ज्यांनी नीतीचे रक्षण करायचे, त्यांतील काहींनी संस्थेची अब्रू राखण्यासाठी दुर्बलांची अब्रू पणाला लावली. प्रामाणिकपणे राबलेल्या असंख्य धर्मभगिनी व धर्मगुरूंनाही त्याची झळ सोसावी लागली. इहवाद बाहेरून आला खरा, पण त्याला दार आतून उघडले गेले.

येथे इतिहास आपल्याला विचारात पाडतो. अठराव्या शतकात आयर्लंडमध्ये कॅथलिकांविरुद्ध जाचक कायदे होते. उघड उपासना दुरापास्त झाली, की लोक माळरानावरच्या खडकाला वेदी करून मिस्सा साजरी करीत. तरी श्रद्धा टिकली. आपल्याकडेही हेच घडले. मराठ्यांनी १७३७ साली ठाणे व १७३९ साली वसई जिंकली. पोर्तुगीज सत्ता गेली, तिच्याबरोबर बहुतेक युरोपीय मिशनरीही गेले. त्या सत्तेच्या काळात सक्तीही झाली होती, हे आपण नाकारू नये. पण राजाश्रय संपल्यावर श्रद्धा संपली नाही. एतद्देशीय धर्मगुरूंनी आणि गावागावांतील साध्या कुटुंबांनी ती जपली. खाडीच्या दोन्ही तीरांवरील अनेक कुटुंबांचा आजचा विश्वास त्या निराधार म्हणविल्या गेलेल्या काळातून चालत आलेला आहे.

येथे एका शब्दाचे दोन अर्थ वेगळे केले पाहिजेत. राज्याने कोणत्याही एका धर्माची बाजू न घेणे ही धर्मनिरपेक्षता. माणसाने देवाला विसरणे हा इहवाद. पहिलीच्या छत्राखाली आपण कळव्यात अल्पसंख्य असूनही निर्भयपणे मिस्सेला जातो; घटनेचा २५ वा अनुच्छेद आपल्याला ती मोकळीक देतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनेही ७ डिसेंबर १९६५ च्या घोषणापत्रात श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही सक्ती नसावी, असे स्पष्ट केले. भारतात जे छत्र आपल्याला हवे, ते डब्लिनमधील अन्यधर्मीयाला वा अश्रद्धाला आपण कोणत्या तोंडाने नाकारणार?

कोणी विचारील, मग ख्रिस्तसभेने गर्भपातासारख्या प्रश्नावर मौन पाळावे काय? मुळीच नाही. न जन्मलेल्या बाळाच्या जीवाची बाजू घेणे हे तिचे कर्तव्य आहे, बहुमत विरुद्ध गेले तरीही. परंतु जो अडचणीत सापडलेल्या मातेला आसरा देतो, तिच्या बाळाचा भार उचलतो, त्याच्या बोलण्याला वजन येते. नुसत्या दंडविधानावर विसंबणाऱ्याचा शब्द सत्तेबरोबरच ओसरतो.

तसेच परंपरेचे. सायंकाळची जपमाळ, क्रुसापाशी लावलेली मेणबत्ती, सणाचे जेवण यांना तुच्छ लेखण्याचे कारण नाही. श्रद्धा हातातून हातात जाते ती अशीच. मात्र ‘लोक काय म्हणतील’ या धाकाने पाळलेली प्रार्थना लोक बदलले की सुटते. डब्लिनच्या भाड्याच्या खोलीत कोणी काही म्हणणारे नसते. तेथे मुलाच्या मनात एकच प्रश्न उरतो: आईबाबा हे का करीत असत? त्याचे उत्तर त्याला घरातच मिळालेले असावे. ख्रिस्तसभेच्या पापांविषयी त्याने विचारले तर त्याला गप्प करू नये; तिकडे ते त्याच्या कानी पडणारच आहे, आणि ते प्रथम आपल्या तोंडून कळले तर आपला इतर शब्दही त्याला खरा वाटेल.

आयर्लंडमधील कित्येक चर्चमध्ये आज पांढऱ्या केसांच्या भाविकांबरोबर भारतीय परिचारिका आणि त्यांची मुले मिस्सेला बसतात. काही ठिकाणी वेदीवर भारतीय धर्मगुरू असतात. आपले मूल त्या बाकावर जाऊन बसले, तर तेथे त्याला पाठविणारा कायदा नसेल, शेजाऱ्यांची नजरही नसेल. ते तेथे स्वतःहून बसलेले असेल. अशा बसण्याची तयारी कळव्यातल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरात आज होत आहे की नाही, हे आपण स्वतःला विचारावे.