भय आणि ईमान



माजिवड्यात आज उंचच उंच इमारती उभ्या आहेत. त्यांतील एखादी भगिनी लिफ्टमध्ये पाऊल टाकू शकत नाही. दार मिटण्याच्या कल्पनेनेच तिचा श्वास कोंडतो. घरचे म्हणतात, "तुझा तवक्कुल कमी आहे." हा आरोप न्याय्य आहे काय?

हजरत मूसा (अ.) यांची काठी साप झाली, तेव्हा ते पाठ फिरवून निघाले, मागे वळूनही पाहिले नाही, असे पवित्र कुरआन सांगते. अल्लाहने त्यांना दोष दिला नाही. परत बोलावले, धीर दिला आणि तोच साप हाती धरण्यास सांगितले. पुढे जादूगारांसमोर त्यांच्या मनात पुन्हा भय दाटले. तेव्हाही दिलासाच मिळाला. जे भय प्रेषितांच्याही मनाला शिवले, त्याला ईमानाची उणीव कसे म्हणावे? जाब त्या भयाचा द्यावा लागेल, ज्यापोटी आपण खरी साक्ष लपवतो किंवा दुर्बलाचा हक्क बुडताना गप्प बसतो.

वैद्यकशास्त्र ज्याला फोबिया म्हणते, त्यात धोका अल्प आणि भय अपार असते. अनेकदा रुग्णाला हे कळते, पण वळत नाही. भीतीची वस्तू टाळली की क्षणभर सुटका वाटते आणि त्या सुटकेनेच भीती अधिक घट्ट होते. म्हणून उपचाराची दिशा उलटी असते: आधी लिफ्टपाशी उभे राहणे, मग उघड्या दारातून आत जाणे, मग सोबतीने एकच मजला. हे सारे जाणकाराच्या मार्गदर्शनाने आणि रुग्णाच्या संमतीने. बळेच ढकलणे हा उपचार नव्हे.

दुआ अवश्य करावी, पण उपचार करण्याची शिकवणही प्रेषित मुहम्मद (स.) यांचीच आहे. ठाण्यात 1901 पासून मनोरुग्णालय आहे. शासनाच्या टेलिमानस सेवेचा 14416 हा क्रमांक विनामूल्य आहे. तेथे मदत मागण्यात कसली नामुष्की?

एका प्रवासात काहींनी झोपलेल्या सोबत्याची दोरी गमतीने उचलली आणि तो दचकला. तेव्हा प्रेषितांनी (स.) बजावले की, मुस्लिमाने मुस्लिमाला घाबरवणे वैध नाही. मग झुरळाला भिणाऱ्या लेकराच्या अंगावर झुरळ टाकून हसणाऱ्या घराने काय समजावे? भ्यालेल्याचा हात धरणे, हेच आपले कर्तव्य. अल्लाह आपल्याला ती सहृदयता देवो. आमीन.