चिंच, सोडा आणि जुना फडका

दुकानात फरशीची बाटली वेगळी, काचेची वेगळी, बेसिनची आणखी वेगळी. घरातली घाण मात्र मुळात दोन-तीनच जातींची: तेलाचा चिकटा, पाण्याचे पांढरे डाग आणि धूळ.

शेगडीमागच्या टाइल्सवरचा चिकटा धुण्याच्या सोड्याने सुटतो. कोमट पाण्यात चमचाभर सोडा विरघळवून फडका भिजवा आणि पाचेक मिनिटं तिथेच चिकटवून ठेवा. हातमोजे घाला, आणि अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांना हा सोडा लावू नका, ती काळी पडतात.

बोअरच्या पाण्याने नळावर साचलेला क्षार आंबटाला शरण येतो. सरबताला पिळलेल्या लिंबाची फोडही पुरते. देवाची तांब्या-पितळेची उपकरणी चिंचेने उजळतात तीही याच कारणाने. आमटीसाठी कोळ काढून उरलेला चोथा टाकू नका, त्याला चिमूटभर मीठ लावून घासा. मात्र कडप्पा, शहाबादी किंवा संगमरवरावर आंबट नको. हे दगड चुन्याचेच, आम्लाने त्यांची झिलई जाते.

सोड्यात व्हिनेगर ओतून फेस काढायची सध्या मोठी हौस आहे. फेस देखणा असतो खरा, पण दोघं एकमेकांचा जोर मारतात. ब्लीच आणि अ‍ॅसिड तर कधीच एकत्र करू नका, विषारी क्लोरीन वायू निघतो.

राहिली धूळ. तिला विकतचं काहीच लागत नाही. पंख्याच्या पात्यावर जुना अभ्रा चढवून अलगद ओढा. धूळ अभ्र्यातच राहते, गादीवर पडत नाही.