पारण्याचा हक्क

उपवास आणि उपासमार यांत नैतिक अंतर कितीही मोठे असले तरी शरीराला संकल्प वाचता येत नाही. देवापुढे पाणी सोडून धरलेले निरशन असो किंवा कणगीत दाणा उरला नाही म्हणून घडलेले असो, पहिल्या दिवसाचा हिशेब यकृत एकाच रीतीने मांडते. मग तपाचे तपपण नेमके कशात असते, हा प्रश्न धर्मचिंतनाला टाळता येत नाही, आणि त्याचे उत्तर शोधण्याआधी भुकेल्या शरीरात काय घडते ते पाहणे भाग आहे.

चयापचय म्हणजे अन्नातून ऊर्जा व शरीरद्रव्ये घडवणाऱ्या आणि गरजेनुसार तीच द्रव्ये मोडून ऊर्जा मिळवणाऱ्या रासायनिक क्रियांची साखळी. अन्न थांबले म्हणून ती थांबत नाही, फक्त इंधन बदलते. यकृतात ग्लायकोजेन या रूपाने साठवलेली साखर सुमारे 100 ग्रॅम असते व ती दिवसभरात संपत येते. मेंदूला मात्र रोज सुमारे 120 ग्रॅम ग्लुकोज लागते, आणि चरबीतील मेदाम्लांपासून ते बनत नसल्यामुळे यकृत स्नायूंतील प्रथिने मोडून निघालेल्या अमिनो आम्लांपासून ते घडवू लागते. हाच क्रम चालू राहिला तर स्नायू फार लवकर खचतील; परंतु दोन-तीन दिवसांनी यकृत चरबीपासून कीटोन नावाची द्रव्ये मोठ्या प्रमाणावर तयार करते आणि मेंदू हळूहळू त्यांच्यावर भागवू लागतो. दीर्घ उपवासात मेंदूची सुमारे दोन तृतीयांश गरज कीटोन पुरवतात, हे बॉस्टनच्या जॉर्ज केहिल यांच्या 1960 च्या दशकातील संशोधनातून पुढे आले. या अवस्थेत अनेकांची भूक बोथट होते, ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

आषाढीला मुक्ताईनगरहून निघालेली मुक्ताईची पालखी पंढरीस पोहोचलेली असते, तेव्हा मागे भुसावळच्या घरांत साबुदाण्याची खिचडी, भगर, दाण्याची आमटी आणि तापीकाठची केळी असा फराळ होतो. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च असल्याने रक्तातील साखर व तिच्यामागोमाग इन्सुलिन वाढते, आणि चरबीला हात लावण्याची वेळ शरीरावर येतच नाही. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ म्हणणाऱ्यांनी हे प्रयोगशाळेवाचून ओळखले होते. जैनांच्या पर्युषणातील अठाईत, म्हणजे केवळ उकळलेल्या पाण्यावर काढलेल्या आठ दिवसांत, मात्र वर वर्णिलेला सगळा पालट घडून येतो.

अर्धपोटी राहण्याची गोष्ट वेगळी आहे. 1877 च्या दुष्काळात सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार सरकारी कामांवरील प्रौढ मजुराचे धान्य दिवसाला एक पौंडावर आणले गेले. थोडा रोख पैसा त्यावर मिळे, पण धान्यापुरते पाहिले तर साडेचारशे ग्रॅम ज्वारी-बाजरीतून मिळणारी ऊर्जा 1,600 किलोकॅलरींच्या आसपास भरते, आणि तेवढ्यावर खडी फोडायची व माती वाहायची. 1944-45 मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी, सदसद्विवेकापोटी शस्त्र धरण्यास नकार दिलेल्या 36 तरुणांना 24 आठवडे जवळजवळ एवढ्याच, सुमारे 1,570 किलोकॅलरींच्या आहारावर ठेवले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले, विश्रांतीतील ऊर्जाव्यय जवळपास 40 टक्क्यांनी उतरला, उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजू लागली. आणि उच्च हेतूने स्वतःहून पुढे आलेले हे तरुण पाककृतींची पुस्तके जमवू लागले, ताटे चाटू लागले. निराहार राहणाऱ्याचे विषय सुटतात पण त्यांची गोडी सुटत नाही, असे गीतेचा दुसरा अध्याय सांगतो. ती गोडी अर्धपोटी माणसाला किती ग्रासते ते येथे दिसले. तेव्हा रोज थोडे खाणाऱ्या गरिबाची भूक तपस्व्याच्या निराहारापेक्षा सौम्य असते हा समज निराधार आहे, आणि अशा भुकेला तपाचे नाव देऊन तिची थोरवी गाणे हा तर धर्माच्या आडून केलेला अन्यायच म्हणावा लागेल.

शरीराला संकल्प कळत नाही, पण मात्रा आणि मुदत कळते; ही मुदत कोणाच्या हाती आहे, यावर उपवासाची नीती ठरते. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दिलेली गीतेवरील प्रवचने साने गुरुजी लिहून घेत होते, आणि सहाव्या अध्यायाच्या ओघात विनोबांनी जीवनाच्या परिमिततेवर भर दिला होता. पुढे 1 मे 1947 रोजी गुरुजींनी पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुले व्हावे म्हणून उपोषण आरंभले, ते 10 मे रोजी सुटले. उपोषण संपवण्याची वेळ त्यांनी मंदिराच्या दारावर हक्क सांगणाऱ्यांच्या निर्णयाशी बांधली होती. दुष्काळी कामावरच्या मजुराची भूकही दुसऱ्याच्याच निर्णयावर अवलंबून होती, परंतु त्याने तो अधिकार कोणाला दिलेला नव्हता.

पारणे हा उपवासाचा केवळ शेवट नसून त्याचाच एक अवघड भाग आहे. दीर्घ उपासानंतर एकदम भरपूर अन्न पोटात गेले तर इन्सुलिन उसळते, रक्तातील फॉस्फेट पेशींत ओढले जाऊन त्याची पातळी धोकादायक रीतीने घसरते, आणि हृदय बंद पडू शकते. दुसऱ्या महायुद्धानंतर छळछावण्यांतून सुटलेले कित्येक जण अन्न मिळाल्यावर दगावले. मोठ्या तपस्येनंतर मुगाच्या पाण्यासारख्या हलक्या पदार्थाने पारणे करण्याच्या रिवाजात हे शहाणपण आहे.

विनोबांनी मात्र नोव्हेंबर 1982 मध्ये पवनारला अन्न व औषध सोडले ते पुन्हा न घेण्यासाठीच, आणि 15 नोव्हेंबरला देह ठेवला. सत्त्याऐंशीव्या वर्षी, आजारी शरीराने घेतलेला हा निर्णय परिमिततेची परिसीमा मानावा की तिचा त्याग, यावर त्यांच्या अनुयायांना धुळ्यातील त्या प्रवचनांचा दाखला दोन्ही बाजूंनी देता येतो. मात्र हक्क हाती असताना तो न वापरणे आणि हक्कच नसणे या दोन गोष्टी एक नव्हेत, म्हणून या प्रायोपवेशनाला उपासमारीच्या खात्यात टाकता येत नाही. आणि परत फिरण्याची इच्छाच उरली नसल्याने उपवासाच्या खात्यातही ते सहज बसत नाही.